जैसलमेर : नाक्यापासून सीमेपर्यंत

जैसलमेरची बदली ही शिक्षाच समजली जाते, असे राजस्थानातील एक सहकारी सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत संध्याकाळी फिरताना मला सांगत असत. पुढे त्या शहराचा इतिहास वाचू लागलो तेव्हा या समजुतीची मौज वाटली. कारण सुमारे सात शतके लोक तेथे आपण होऊन, पैसा मिळविण्यासाठी जात होते.

११५६ मध्ये भाटी राजपूत रावल जैसल याने लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला बांधावयास घेतला. पाऊस वर्षाकाठी वीस सेंटिमीटरच्या आसपास, शेती बेताची. मग राज्य जगले कशावर? सिंध-मुलतानकडून गुजरात व मारवाडकडे उंटांचे तांडे जात; त्यांच्यावरील जकात हा राज्याचा मोठा आधार होता. पटवा घराण्याच्या पाच हवेल्या उभ्या राहिल्या त्या व्यापार व सावकारीच्या पैशावर.

मराठी वाचकाने एक गोष्ट नोंदवावी. शिंदे-होळकरांच्या फौजांनी जयपूर, जोधपूर, उदयपूर येथून खंडण्या वसूल केल्या. जैसलमेर मात्र आडवाटेला असल्यामुळे त्यांतून बहुतांशी सुटले. जे बाहेरच्या फौजांनी केले नाही, ते घरच्या कारभाऱ्याने केले. दिवाण सालिमसिंह याच्या जाचाच्या कथा आजही सांगितल्या जातात. पालीवाल ब्राह्मण खडीन पद्धतीने, म्हणजे पावसाचे वाहते पाणी बांध घालून शेतात अडवून, वाळवंटात गहू पिकवीत. त्यांचे कुलधरा गाव एका रात्रीत ओस पडले, असे लोक म्हणतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पटणे कठीण. आटणारे पाणी आणि वाढता कर यांनी माणसे हळूहळू निघून गेली असावीत, हेच अधिक संभवते.

१८१८ मध्ये कंपनी सरकारशी तह झाला. शांतता आली, पण व्यापार वाट बदलू लागला. मुंबई बंदर वाढले, आगगाड्या धावू लागल्या. जोधपूरहून सिंधला जाणारा लोहमार्ग बाडमेरवरून गेला आणि जैसलमेर बाजूला पडले. मुंबईच्या भरभराटीचा हिशेब मांडताना असे दूरचे तोटे आपण क्वचितच धरतो. १९४७ मध्ये उरलीसुरली वाटही बंद झाली. नाक्याचे गाव रस्त्याच्या शेवटाचे गाव झाले.

शहराला पुन्हा हात मिळाला तो युद्धामुळे. १९६५ च्या संघर्षानंतर पोकरणपासून पुढे लोहमार्ग आला. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाची लढाई याच जिल्ह्यात झाली. मागोमाग लष्करी छावण्या, रस्ते व पर्यटक आले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची घनता प्रति चौरस किलोमीटर १७ होती. शहराची वस्ती मात्र पासष्ट हजारांवर गेली होती.

इंदिरा गांधी कालव्याचे पाणीही जिल्ह्यात आले. पूर्वी किल्ल्यातील घरांत पाणी गडीसर तलावाहून घागरींनी येई, म्हणून सांडपाणीही बेताचेच असे. नळ आले, पाहुण्यांसाठी न्हाणीघरे वाढली, आणि ते पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरू लागले. भिंती व बुरूज ढासळले. २०१३ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेला, तरी आत हजारो लोक राहतात आणि त्यांना नळ हवाच आहे. पुरातत्त्व विभागाचा नियम, नगरपरिषदेची मोरी आणि घरमालकाचे उत्पन्न ही तिन्ही त्या एकाच टेकडीवर आहेत. ज्या सहकाऱ्याला ही बदली शिक्षा वाटत होती, त्यांच्याशी पुढल्या फेरीत मी याच मोरीविषयी बोललो.