बडोद्याच्या अंत्यज शाळा, वसतिगृह आणि न मिळालेली एक खोली

गेल्या 23 सप्टेंबरला आपल्या मंडळातर्फे आम्ही आठवी-नववीच्या वीसेक मुलांना घेऊन कमाटीबागेत, संकल्पभूमीवर गेलो होतो. दरवर्षी या दिवशी तिथे लांबलांबून माणसं येतात. मी नेहमीची माहिती सांगितली : महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ, बडोद्याची नोकरी आणि या बागेत बसून काढलेले ते काही तास. एका मुलीनं विचारलं, "काका, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली, मग राहायला खोली का नाही दिली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. हे टिपण त्या प्रश्नातून झालं आहे.

शाळा निघाल्या, मास्तर मिळेनात

सयाजीराव महाराजांच्या हाती 28 डिसेंबर 1881 रोजी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रं आली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच अस्पृश्य मुलांसाठी सरकारी खर्चानं शाळा सुरू झाल्या. फी नाही, पुस्तकं सरकारची. अडचण निराळीच निघाली. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांवर जायला तयार होईनात. मग मुसलमान शिक्षक नेमले गेले आणि पुढे आर्यसमाजी. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला, 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. हिंदुस्थानात त्या काळी हे दुसरीकडे कुठे नव्हतं, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पण 'अंत्यज शाळा' हे नावच सांगतं की मुलं शिकली, तरी बसली वेगळीच.

वसतिगृहाचं काम

1908 मध्ये पंडित आत्माराम अमृतसरी बडोद्यात आले. पंजाबातले आर्यसमाजी. या शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली आणि मुलांचं वसतिगृहही त्यांनी चालवलं. मला हा भाग शाळांहून मोठा वाटतो. शाळेत मूल काही तास असतं. वसतिगृहात ते राहतं, जेवतं, कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. आज आपण ज्याला युवकांसाठीचं तळपातळीवरचं काम म्हणतो, ते हेच. विठ्ठल रामजी शिंदे यांनाही महाराजांचं साहाय्य होतं. त्यांनी 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. मार्च 1918 मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली, तिचे अध्यक्ष सयाजीरावच होते. थोडक्यात, राजाकडून इच्छा कमी नव्हती.

सप्टेंबर 1917

भीमराव आंबेडकर 1913 च्या सुरुवातीला थोडे दिवस बडोद्यात नोकरीला होते, तेव्हा आसरा मिळाला तो आर्यसमाजाकडेच. त्याच वर्षी महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. परत येऊन करारापोटी बडोद्याच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत रुजू झाले. पुढचं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे. हिंदू खानावळीत जागा नाही, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले. दहा-अकरा दिवसांत लाठ्या घेतलेले पारशी दारात आले, संध्याकाळपर्यंत खोली सोडा म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी विचारून पाहिलं. पहिल्याला घरचे नोकर निघून जातील याची भीती, दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. रात्रीच्या मुंबई गाडीपर्यंतचे चार-पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

आता घरचं सांगतो. माझे पणजोबा बडोदे सरकारच्या हिशेबाच्या कामात कारकून होते. आमच्याकडे हे अभिमानानं सांगितलं जायचं. साल कधी कुणी मोजलं नव्हतं. या टिपणासाठी मी त्यांचे जुने कागद काढले, तर नोकरीच्या वर्षांत 1917 होतं. ते त्याच कचेरीत, त्याच खोलीत बसत होते का, हे कागदांवरून कळत नाही. पण आमचा वाडा स्टेशनपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता, आणि वरची खोली रिकामी असायची, असं आजी सांगायची.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात हेच सांगितलं : शिष्यवृत्ती महाराज देऊ शकत होते, खोली आमच्यासारख्या लोकांनी द्यायची होती. ती म्हणाली, "आणि आता देता?"

आताचं बडोदं

तिचा प्रश्न बरोबर जागी लागला. आपल्या शहरात आफ्रिकेतले विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकायला येतात, ईशान्येकडचेही येतात. खोली बघायला गेलं की कुणाला रंगावरून, कुणाला डोळ्यांवरून आणि आपल्याच माणसांना आडनावावरून नकार मिळतो. मीही काही वर्षांपूर्वी एका मुलाला "विचारून सांगतो" म्हणालो होतो, आणि सांगितलं नाही. 1946 मध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे मागणं मांडत होते, त्याची प्रत त्यांना हवी होती. जात आणि वर्ण या दोन दुखण्यांचं नातं त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

बडोद्याला दुसरीही परंपरा आहे. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे पट्टशिष्य प्रो. माणिकराव हिंदू, गुरूच्या नावानं त्यांनी व्यायाम मंदिर चालवलं. आखाड्याच्या मातीत आडनाव विचारत नाहीत.

म्हणून मंडळानं ठरवलं आहे : यापुढे संकल्पभूमीची फेरी मुलंच नेतील. दर रविवारी सकाळी वस्तीतली, पोळीतली आणि वसतिगृहातली मुलं एकत्र बसून कागद वाचतात, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात दोन परदेशी विद्यार्थीही आले होते, मुलांनी त्यांना "तुम्हाला खोली कशी मिळाली?" हेच पहिलं विचारलं. या कामाला फार पैसा लागत नाही. बसायला जागा, जुनी पुस्तकं, नाश्ता आणि मोठ्यांचे दोन तास एवढंच लागतं. वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. आणि कुणाची वरची खोली रिकामी असेल, तर तेही कळवावं. आमची मी कळवली आहे.