मारुतीचे देऊळ, तालीम आणि खुराक

आपल्या गावचे ग्रामदैवत श्री मारुतीराय यांच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी आणि माहेरवाशिणी यांच्या देणग्यांतून पूर्णत्वास गेला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. कामाचा जमाखर्च याच स्मरणिकेत अन्यत्र दिलेला आहे. प्रस्तुत लेखात देवळाला लागून असलेल्या तालमीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. देवळावर नवा कळस चढला, परंतु तालमीच्या हौदात अद्याप नवी माती पडलेली नाही. तालमीची खोली ठेवावी की पाडून तेथे गाळे काढावेत, हा प्रश्नही पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. त्यावर मत देण्यापूर्वी या जागेचा पूर्वेतिहास सर्वांसमोर असावा, एवढाच हेतू.

पोराचे अंग भरावे, दंड-मांड्यांना पीळ यावा, हे काम आपल्या मुलखात एकट्या पोराचे किंवा त्याच्या बापाचे कधीच मानले गेले नाही. कधी राजाने ते उचलले, कधी गावाने. याचा फार जुना दाखला 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने तो बाराव्या शतकात रचला. त्यात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. वय, अंगलोट व बळ पाहून मल्लांची वर्गवारी कशी करावी, त्यांनी मेहनत कोणती करावी, खावे काय, हे सर्व त्यात सांगितले आहे. मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर, मिठाई पुरविण्याचा भार राजावर ठेवला आहे. म्हणजे व्यायामाबरोबर खुराकाची सोय हवी, हे आपल्याकडे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुढे सतराव्या शतकात समर्थ रामदास स्वामी (१६०८ ते १६८१) यांनी बलोपासनेला धर्माची जोड दिली. नाशिकजवळ टाकळी येथे तपश्चर्या करीत असता ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, अशी परंपरा आहे. त्यांनी स्थापन केलेले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. पैकी शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी व चाफळ येथील दोन असे सात सातारा जिल्ह्यात, बहे-बोरगाव व शिराळा हे सांगली जिल्ह्यात आणि मनपाडळे व पारगाव हे कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. मारुती ही शक्तीची देवता. त्यामुळे देवळाशेजारी तालीम आणि तालमीच्या कोनाड्यात मारुती, ही जोडी गावोगाव रूढ झाली. हौदात उतरण्यापूर्वी मातीला हात लावून कपाळाला लावायचा, ही चाल त्याच भावनेची आहे.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर हे व्यायामाचे नामांकित गुरू होते. मल्लखांबाच्या विद्येला त्यांनी नवा जन्म दिला. वणीच्या सप्तशृंग गडावर उपासना करीत असता खुद्द मारुतीने त्यांना ही विद्या दाखविली, अशी आख्यायिका आहे.

आपल्या भागातील कुस्तीला खरे वैभव आणले ते राजर्षी शाहू छत्रपतींनी. महाराज स्वतः मल्लविद्येचे मोठे जाणकार. १९०२ सालच्या विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तशा धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले. ते १९१२ साली तयार झाले. भोवतालच्या चढत्या बैठकीमुळे कोठेही बसले तरी मधली कुस्ती स्पष्ट दिसते. देशभरचे मल्ल महाराजांनी आश्रयास ठेवले व त्यांच्या खुराकाची तजवीज संस्थानाने केली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे आजही खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडी आहेत.

ज्याला असा राजाश्रय नाही त्याने काय करावे? याचे उत्तर औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) यांनी दिले. साहित्य नको, मोठी जागा नको, असा सूर्यनमस्काराचा व्यायाम त्यांनी स्वतः आयुष्यभर केला, संस्थानातील शाळांतून सुरू करविला आणि त्यावर ग्रंथ लिहिले. सर्वांनाच पहिलवान व्हायचे नसते. निरोगी व कामाला टिकणारे शरीर मात्र शेतकऱ्यालाही हवे आणि खुर्चीवर बसणाऱ्यालाही हवे.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. मग तो भार गावांनी उचलला. यात्रा-उरुसाचे फड, लोकवर्गणीचे इनाम, पुढे काही सहकारी साखर कारखान्यांचे मानधन, यांवर पहिलवान पोसले गेले. लहान पोरांच्या रेवडीवरच्या व नारळावरच्या कुस्त्या लावायच्या त्या त्याचसाठी. जिंकणाऱ्याला नारळ मिळे आणि हरणाऱ्याला पुढील यात्रेची ईर्षा मिळे.

या काळचे सर्वांत थोर उदाहरण म्हणजे कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्या वीराने पुढे कुस्त्या मारून लोकांचे कर्ज फेडले. आमच्या तरुणांनी यातला सत्तावन्न किलो हा आकडा लक्षात ठेवावा. नुसते वजन म्हणजे बळ नव्हे. खाशाबांचे अंग लहानखुरे, पण प्रत्येक शेर मेहनतीचा होता.

त्यानंतर १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर व १९६४ साली मारुती माने यांनी तो किताब मिळविला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर व माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य आणले. एक शिराळा तालुक्यातील पुनवतचे, दुसरे मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे. दोन्ही गावे आपल्यासारखीच.

आता या तालमीत अंग कसे भरत असे ते पाहू. हौदात तांबडी माती चाळून टाकायची, तीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू मिसळायचे. पहाटे व संध्याकाळी अशी दोन वेळ मेहनत. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, मुद्गल फिरविणे आणि मग लढत. वस्ताद पोराची ताकद पाहून आकडा ठरवी. आज पन्नास बैठका, पुढच्या पंधरवड्यात साठ. मेहनतीनंतर दूध, भिजविलेले बदाम किंवा ऐपतीप्रमाणे शेंगदाणे, खारीक, थंडाई. दुपारी झोप सक्तीची. विडी, दारू व जागरण वर्ज्य.

आजचे शास्त्र यातील बरेचसे मान्य करते. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला म्हणजे त्याला वाढण्याची सूचना मिळते. प्रत्यक्ष वाढ मात्र विश्रांतीत होते. म्हणून हळूहळू वाढविलेली मेहनत, पुरेशी झोप आणि प्रथिनयुक्त आहार ही तीन अंगे आहेत. त्यातले एक गळले तर खाल्लेले अंगी लागत नाही. मेहनत करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागे सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने रोज हवीत. साठ किलोच्या मुलाला पाऊणशे ते नव्वद ग्रॅम. शंभर ग्रॅम डाळीत सुमारे बावीस ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यात पंचवीस, पाव लिटर दुधात आठ व एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीच्या धान्यात जे कमी पडते ते डाळ-उसळीतून भरून निघते. म्हणजे भाकरी, मटकीची उसळ, दूध, अंडी व मूठभर शेंगदाणे यांवर हे सहज जमते. वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढले तरी पुष्कळ झाले. त्याहून वेगाने वाढते ती बहुतांशी चरबी.

जुन्या खुराकातील सर्वच डोळे झाकून घेऊ नये, हेही सांगणे प्राप्त आहे. तुपाच्या वाट्या पचविण्यास तशी मेहनत लागे. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर उतारवयात तोच अंगावर उलटतो. काही कारण नसता वजन घटत असेल तर खुराक वाढविण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवावे. क्षय किंवा मधुमेह निघू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग तालीम ओस का पडली? दोष कोणा एकाचा नाही. १९७२ च्या दुष्काळात अनेकांच्या दावणी मोकळ्या झाल्या. नंतर दूध डेअरीला जाऊ लागले. त्या पैशावर मुलांची शिक्षणे झाली, हे नाकारता येणार नाही. पण घरातला पोराचा पेला कमी झाला. मातीची जागा गादीने घेतली. हौशी मुले तालुक्याच्या जिममध्ये जाऊ लागली. जिम वाईट नाही, तेथेही घाम गाळावाच लागतो. चिंता वेगळी आहे. वस्ताद नसल्याने तीन महिन्यांत अंग कमावण्याची घाई होते आणि महागडे डबे, कोणी दिलेल्या गोळ्या, इंजेक्शने यांकडे हात जातो. कृत्रिम संप्रेरकांनी अंग फुगते, परंतु हृदय, यकृत व जननशक्ती यांना धोका पोहोचतो. डब्यातील पूड बहुधा दुधाचीच असते. तेच दूध आपल्या गोठ्यात आहे. पूर्वी पोराच्या तोंडात काय जाते हे अख्ख्या गावाला ठाऊक असे. आज ते घरच्यांनाही ठाऊक नसते.

म्हणून देणगीदार व ग्रामस्थ यांस नम्र सूचना अशी : तालमीची खोली पाडू नये. हौदात नवी माती भरावी. शनिवारच्या तेल-नारळाच्या उत्पन्नातून व ऐच्छिक देणगीतून खुराक निधी उभारावा आणि नियमाने मेहनत करणाऱ्या मुलास रोज अर्धा लिटर दूध व दोन मुठी शेंगदाणे द्यावेत. हिशेब दरमहा देवळाच्या फळ्यावर लावावा. गावातील जुन्याजाणत्या पहिलवानांनी आळीपाळीने वस्तादकी करावी. मुलींसाठीही वेळ राखून ठेवावी. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा हा आखाडा आता केवळ मुलांचा राहिलेला नाही.

मारुतीरायास आपण शेंदूर, तेल व रुईची माळ भक्तिभावाने वाहतो. त्याच्या शेजारच्या हौदात पहाटे दहा-वीस मुले घामाने निथळू लागली, तर तीही त्याचीच पूजा होईल. तहकूब ठरावावर हात वर करताना ग्रामस्थांनी याचा विचार करावा, ही विनंती. श्रींच्या चरणी सर्वांस आरोग्य व बळ मागून हा लेख पुरा करतो.

॥ बलभीम हनुमान की जय ॥