बाला शार्क

बाला शार्क : (बॅलँटिओकायलस मेलॅनोप्टेरस). आग्नेय आशियातील नद्यांत आढळणारा, काळ्या किनारीच्या परांचा हा रुपेरी मासा बोटभर असताना विकला जातो; परंतु पूर्ण वाढीस ३० सेंमी.हून लांब होणारा, थव्याने वेगात फिरणारा आणि दचकताच उसळणारा किंवा काचेवर आदळून तोंड सोलून घेणारा असल्यामुळे, पाच-सहा माशांस किमान २०० × ६० × ६० सेंमी.ची टाकी, सशक्त फिल्टर व घट्ट झाकण यांचा बंदोबस्त अगत्याचा ठरतो. अशा टाकीतील सुमारे ७०० लिटर पाण्यापैकी चतुर्थांश दर आठवड्यास पालटावे लागत असल्याने, एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेथे हा छंद उन्हाळ्यात दुष्कर होय. गोदावरीकाठच्या नांदेडात पाणी पालटताना नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे व वाढलेले मासे गोदावरीत सोडू नयेत.