आमचा नायक धुतल्या तांदळासारखाच का हवा?

सोलापुरात १४ एप्रिलच्या आधी महिनाभर वस्त्यावस्त्यांमध्ये तालमी सुरू होतात. कुठे लेझीम, कुठे भीमगीतं, कुठे पथनाट्य. दोन वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीने जयंतीसाठी एक छोटं नाटक लिहिलं. त्यात वस्तीतला एक कार्यकर्ता आहे. महापालिकेत खेटे घालून त्याने वस्तीत नळ आणलाय, पोरांना जातीचे दाखले काढून देतो, कुणावर अन्याय झाला तर रात्री दोन वाजता पोलीस चौकीत जाऊन बसतो. आणि हाच कार्यकर्ता जयंतीच्या वर्गणीतले पैसे उचलतो, पिऊन घरी आला की बायकोवर हात टाकतो.

वाचन झालं आणि जाणती मंडळी उखडली. "हे काढून टाका. आपलीच अब्रू आपण चव्हाट्यावर मांडायची? त्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं?" मुलगी शांतपणे एवढंच म्हणाली, "मग मी माणूस आणू कुठून? वस्तीत तर असाच आहे."

मित्रांनो, हा वाद एका वस्तीचा नाही. आमच्या साहित्याच्या जन्मापासून तो चालू आहे. कथा, नाटक, सिनेमा यांत आमचा माणूस कसा दाखवायचा? त्याचे दोष दाखवायचे की झाकायचे? आणि दाखवायचे तर कोणी? याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमच्या आधी आम्हाला कोणी रंगवलं?

आमच्या हातात लेखणी येण्याआधी आमची चित्रं दुसऱ्यांनी काढली. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही इंग्रजी कादंबरी १९३५ ची. तिचा नायक बखा हा भंगीकाम करणारा तरुण. श्री. म. माटे यांचं 'उपेक्षितांचे अंतरंग' १९४१ चं. या लेखकांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. माटे मास्तरांनी तर अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन शिकवलं होतं. पण कणव हीसुद्धा उंचावरून खाली पाहते. कणवेच्या नजरेला समोरचा माणूस सोसणारा, भला, बिचारा असाच दिसावा लागतो. तो लबाड निघाला, चिडका निघाला, स्वार्थी निघाला तर कणव आटते. म्हणजे माणूस म्हणून सगळे रंग दाखवायचा हक्क त्याला नाहीच!

दुसऱ्या टोकाला सरकारी दप्तर होतं. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. आमच्या सोलापुरात सेटलमेंट आहे. आज ते नुसतं एका भागाचं नाव वाटतं. पण तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवून त्यांची हजेरी घेतली जायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला गेला. एकीकडे 'बिचारा', दुसरीकडे 'गुन्हेगार'. या दोन चौकटींच्या मधे माणूस कुठेच नव्हता.

फकिरा ते बागूल

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णा भाऊ साठे. पुढच्याच वर्षी त्यांची 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. फकिरा लूट करतो. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर. अण्णा भाऊंनी ती लूट लपवली नाही; तिच्यामागची भूक दाखवली. कृती तीच, कारण समोर आलं आणि दरोडेखोराचा नायक झाला. हा पहिला धडा आम्ही इथे घेतो: दोष दाखवताना तो आला कुठून, हे दाखवलं की वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीतून खाली उतरतो.

तरीही फकिरा हा वीर आहे. त्या काळाला वीर हवाच होता. शतकानुशतकं वाकलेल्या समाजाला आधी ताठ उभा राहिलेला माणूस पाहायचा होता.

मग १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला निवेदक रेल्वेत नोकरीला लागतो आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. तो शिकलेला आहे, विचारी आहे आणि घाबरलेला आहे. त्याच्याच समोर काशिनाथ सकपाळ हा आपली जात न लपवणारा, तापट गडी उभा आहे. कथेत शूर दुसराच आहे. गोष्ट सांगणारा मात्र गप्प बसणारा आहे. शेवटी जात उघडी पडते आणि कालपर्यंत मान देणारे हात त्याच्यावर उठतात. बागूलांनी निवेदकाची भीती झाकली असती तर व्यवस्थेची क्रूरताही झाकली गेली असती. शिकलेल्या, स्वाभिमानी माणसाला जी व्यवस्था खोटं बोलायला लावते ती किती भयंकर असेल, हे त्या भीतीतूनच कळतं.

१९६९ च्या 'मरण स्वस्त होत आहे' या संग्रहात त्यांची 'आई' ही कथा आहे. मराठीने आई देव्हाऱ्यात बसवली होती. बागूलांची आई तरुण विधवा आहे. पोटासाठी राबते आणि तिला स्वतःचं शरीर, स्वतःचं मन आहे. लोक तिच्याबद्दल बोलतात आणि ते ऐकून तिचा मुलगाच तिचा न्यायाधीश होतो. वाचून संपवल्यावर आम्हाला राग कुणाचा येतो? तिचा येत नाही. तिला माणूस म्हणून जगू न देणाऱ्या गरिबीचा आणि पुरुषी संशयाचा येतो. हे काम देव्हाऱ्यातल्या आईने कधीच केलं नसतं.

बलुतं, अक्करमाशी आणि घरातला विरोध

१९७८ ला दया पवार यांचं 'बलुतं' आलं. पवारांनी एक युक्ती केली. स्वतःचेच दोन भाग केले. शिकलेला, पांढरपेशा दया पवार ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो. दगडू आपला भित्रेपणा सांगतो, बायकोवर घेतलेला संशय सांगतो. तेव्हाही आमच्यातल्याच अनेकांनी विचारलं होतं, ही घाण उकरायची कशाला? ती उकरली नसती तर आज 'बलुतं' कुणी वाचलं असतं का?

आमच्या जिल्ह्याचं उदाहरण घ्या. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांनी ऐन पंचविशीत 'अक्करमाशी' लिहिलं, ते १९८४ ला प्रसिद्ध झालं. आई मसामाय, आजी संतामाय आणि आजीसोबत राहणारा मुसलमान दादा. भुकेपायी चोरणारं, उष्टं खाणारं, शिव्या देणारं, तरीही पोराला जीव लावणारं हे घर. कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, कुणाचा मुलगा, या प्रश्नांची उत्तरं लिंबाळे गोड करून देत नाहीत. पुढे २००३ च्या 'हिंदू' कादंबरीत तर ते थेट चळवळीत शिरले. तात्या कांबळे या कार्यकर्त्याचा खून होतो आणि मिलिंद कांबळे हा चळवळीतलाच तरुण डगमगतो, आमिषाला बळी पडतो. ही कादंबरी वाचताना आम्हाला आमच्या ओळखीचे चार चेहरे दिसले. खरं सांगायचं तर पाचवा चेहरा आरशातला होता.

'कन्यादान'चं काय?

इथे जाणती मंडळी विचारतील, मग तेंडुलकरांच्या 'कन्यादान'वर आपण का चिडलो? प्रश्न रास्त आहे.

१९८३ च्या या नाटकात समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. तो तिला मारतो, गरोदरपणीही मारतो. या नाटकासाठी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, हे तेंडुलकरांनी सरस्वती सन्मान स्वीकारताना स्वतःच सांगितलं. तेंडुलकर आमचे शत्रू नव्हते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना त्यांचीच आहे.

दलित कवी बायकोला मारतो, हे दाखवणं हा या नाटकाचा गुन्हा नाही. तसं घडतं. १९८४ लाच मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहून चळवळीतल्या पुरुषाच्या घरात काय चालतं ते सांगितलं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये, पुढे ऊर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये (२००३) आमच्या घरांमधली पुरुषसत्ता उघडी केली. त्यांना कोलीत देणाऱ्या म्हणायची हिंमत आज कुणी करू नये.

आमचा आक्षेप बांधणीवर आहे. नाटकात देवळालीकरांच्या घराला भूतकाळ आहे, तत्त्वं आहेत, पश्चात्ताप आहे. दुःख त्यांच्या वाट्याला येतं, विचार त्यांच्या वाट्याला येतो. अरुणच्या वाट्याला फक्त जखम आणि हिंसा. तो बायकोला मारतो कारण त्याच्या बापानेही मारलं, त्याची जात तशी जगली. बायकोला मारणारे पुरुष सगळ्या जातींच्या सगळ्या माळ्यांवर राहतात. पण इथे हात उचलतो तो जणू जातीचा हात. एका माणसाचा दोष संपूर्ण समाजाचा पुरावा झाला की ते पात्र मरतं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात फक्त जात उभी राहते. बागूलांची 'आई' आणि तेंडुलकरांचा अरुण यांतला फरक हाच आहे.

जब्याचा दगड

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला करमाळा तालुक्यात जेऊर आहे, नागराज मंजुळे यांचं गाव. त्यांचा 'फँड्री' आठवा. कैकाडी घरातला जब्या शाळेतल्या शालूवर जीव टाकतो. घरचे डुकरं धरत असतात आणि हा लपून बसतो. त्याला बापाची, घराची, स्वतःची लाज वाटते. बाप कचरू गावापुढे वाकतो आणि पोरावर हात उगारतो. यातला एकही जण आदर्श नाही. पण डुक्कर खांद्यावर घेऊन ते घर जेव्हा बाबासाहेबांच्या, सावित्रीमाईंच्या चित्रांसमोरून जातं, तेव्हा थिएटरात बसलेल्या आमच्या घशात आवंढा येतो. शेवटचा दगड इतका जोरात लागतो, कारण तो भिरकावणारा पोरगा तोवर लाजत, लपत आलेला असतो. पहिल्या दृश्यापासून तो क्रांतिकारक असता तर त्या दगडाला वजनच राहिलं नसतं.

बाबासाहेबांकडे पुन्हा एकदा

जे म्हणतात की दोष दाखवणं आंबेडकरी नाही, त्यांनी बाबासाहेबच नीट वाचावेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ते लहानपणच्या कोरेगावच्या प्रवासाची हकिगत सांगतात. पाणी मिळावं म्हणून टोलनाक्यावरच्या माणसाला आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, उर्दूत बोललो, तरी पाणी मिळालं नाही. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात पारशी नाव घेऊन पारशांच्या मुक्कामाच्या जागेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. बागूलांच्या निवेदकाने जात चोरली त्याच्या किती आधी! त्या खोट्यामुळे बाबासाहेब आमच्या नजरेत तसूभर लहान झाले का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना पाहा. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलंच नव्हतं, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. बुद्धीला पटत नाही म्हणून. मग शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद, संघातलं मतदान आणि त्यात एकटा पडलेला तरुण त्यांनी उभा केला. पात्र पटणारं हवं, हा आग्रह आमच्या धम्मग्रंथाच्या पहिल्या पानांवरच आहे.

आणि अंगुलीमाल? धम्मात आल्यावरही तो भिक्षेला निघाला की लोक दगड मारत. रक्ताने माखून परत आल्यावर तथागतांनी त्याला ते सोसायला सांगितलं. माणूस बदलतो, पण केलेल्याची किंमत चुकवावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत.

लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी

या इतिहासातून आम्ही काही गोष्टी शिकलो. दोषाला कारण द्या, पण माफी देऊ नका. दोषाची किंमत कुणी मोजली तेही दाखवा; नवरा मारत असेल तर बायकोला फक्त रडायला लावू नका, तिला बोलू द्या. दोष माणसाचा ठेवा, जातीचा करू नका. त्यासाठी त्याच वस्तीत वेगळं वागणारा दुसरा माणूसही दिसू द्या. आणि समोरच्या जातदांडग्यालाही कागदी राक्षस करू नका. हसतमुखाने चहा पाजून कप वेगळा ठेवणारा माणूस जास्त खरा आहे, जास्त घातकही.

कोलिताची भीती आम्हालाही आहे. आमच्या नाटकाचा अर्धा मिनिट कापून मोबाईलवर फिरवणारे बसलेलेच आहेत. पण ते बोलणारच. त्यांच्या भीतीने आपण तोंड शिवलं तर मार खाणारी बाई घरात एकटी पडते आणि वर्गणी खाणारा निवांत राहतो. झाकलेल्या दोषाचा फायदा प्रत्येक वेळी आपल्यातल्या बलवानालाच होतो.

त्या मुलीचं नाटक जयंतीला झालं नाही. मंडळाने नको म्हटलं ते म्हटलंच. दोन महिन्यांनी समाजमंदिरात पन्नाससाठ माणसांसमोर झालं. तिने एक पान वाढवलं होतं: कार्यकर्त्याची बायको भर बैठकीत उभी राहून वर्गणीचा हिशोब मागते. तो कार्यकर्ता मान खाली घालतो आणि बाहेर नळाला पाणी आल्याची ओरड होते. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. पण मागे बसलेल्या बायांपैकी एक उठली आणि खऱ्या मंडळाच्या खऱ्या खजिनदाराला म्हणाली, "भाऊ, आपला हिशोब कधी वाचायचा?"

पुढच्या जयंतीला हिशोब फलकावर लागला. तो फलक आम्ही वाचलाय.

जय भीम!