वक्र भिंतीचे माप

सरळ भिंतीचे माप दोन टोकांमध्ये एकदा लिहिले की भागते. वक्र भिंतीचे तसे नाही. पाव वर्तुळात वळणारी 23 सेंटिमीटर जाडीची भिंत घेतली, तर तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या लांबीत 36 सेंटिमीटरचा फरक पडतो, मग त्रिज्या कितीही असो. नकाशावर नुसती लांबी लिहिली तर ती कोणत्या कडेची, हे गवंड्याने ओळखायचे कसे? त्याला मध्यबिंदू आणि त्रिज्या द्या. खुंटी ठोकून, सुतळी फिरवून तो मोकळा होतो. माप बांधणाऱ्याच्या सोयीसाठी असते. वक्र इमारतींचा इतिहास या बाजूने वाचला, तर त्यात संगणकाला सर्रास मिळणारे श्रेय बरेच कमी करावे लागते.

सिडनीच्या ऑपेरा हाउसचेच पाहा. 1957 साली 233 प्रवेशिकांतून डेन्मार्कच्या यॉर्न उट्झनची निवड झाली, तेव्हा त्याच्या कागदावरची शिंपल्यांसारखी छपरे मुक्तहस्ताने काढलेली होती. त्यांना भूमितीचा आधार नव्हता. ओव्ह अरुप यांच्या अभियंत्यांनी पुढची काही वर्षे परवलय, लंबगोल असे आकार तपासले. संगणकही वापरला. छपरावरच्या भाराचे हिशेब त्यातून निघत, पण प्रत्येक फासळीचा बाक वेगळा, म्हणजे साचा वेगळा, आणि तेवढे साचे करणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते. कोंडी फुटली ती 1961 मध्ये, सगळी छपरे 246 फूट, म्हणजे सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे ठरल्यावर. (ही कल्पना नेमकी कोणाची, यावर वाद आहेत, इथे ते बाजूला ठेवू.) बाक सगळीकडे एकच झाल्याने तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता आले, आणि दहा लाखांहून अधिक फरशाही आधी जमिनीवर पट्ट्यांत जोडून मग वर चढवता आल्या.

यावर कोणी म्हणेल की ती त्या काळच्या यंत्रांची मर्यादा होती. आक्षेप रास्त आहे. साठच्या दशकात रेनॉ मोटारींच्या कारखान्यात पिएर बेझिए यांनी मोजक्या नियंत्रक बिंदूंवरून वक्ररेषा बांधण्याची पद्धत रुळवली. पुढे विमाने बनवणाऱ्या दासो कंपनीने कॅटिया हे सॉफ्टवेअर घडवले, आणि 1997 मध्ये उघडलेले फ्रँक गेरी यांचे बिल्बाओचे संग्रहालय त्यावर उभे राहिले. तिथे त्रिज्येची गरज उरली नाही, कारण पोलादाची मापे थेट संगणकातल्या प्रतिकृतीतून घेता आली. पण या युक्तीत नवे थोडेच होते. जहाजबांधणीत सांगाड्याच्या वक्ररेषा मोठ्या माळ्याच्या जमिनीवर पूर्ण आकारात आखून त्यांवरूनच लाकूड कापत. फरक इतकाच की तिथली रेघ कारागिराला दिसत असे. कारखान्यात कापलेल्या धातूला निर्देशांक पुरतात. विटा आणि गिलाव्याचे काम मात्र अजून हातानेच होते. मध्यबिंदू शेजारच्या प्लॉटमध्ये पडला तर सुतळीही हरते, हे कबूल. अशा वेळी भिंतीच्या दोन टोकांमध्ये सरळ दोरी ताणतात, तिच्यावर ठराविक अंतराने खुणा करतात आणि प्रत्येक खुणेपासून भिंतीपर्यंतचे काटकोनातले अंतर नकाशावर देतात. ही आकडेमोड सॉफ्टवेअर क्षणात करते, पण कोणत्या खुणा साइटवर हाती लागतील, हे नकाशा काढणाऱ्यालाच ठरवावे लागते.