न मानलेली वेदना

कामगाराच्या दुखण्याला मालक प्रथम 'सोंग' म्हणतो, हे युनियनच्या कामात आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पण तोच शब्द एकदा आमच्याच तोंडून निघाला. पॅकिंग खात्यातल्या एका बाईचे दरमहा दोन-तीन खाडे पडत. "बाई, सगळ्यांनाच होते ते," असे आम्ही तिला सांगितले. पुढे तिची शस्त्रक्रिया झाली आणि एंडोमेट्रिऑसिस निघाला. त्या शरमेपोटी आम्ही या व्याधीचा इतिहास वाचू लागलो.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर पोटात इतरत्र रुजते. पाळीच्या वेळी तेथे दाह होतो, जवळचे अवयव एकमेकांना चिकटतात. पुष्कळ जणींना पतीशी संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते. आल्बनीच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजकोशांवरील गाठींचे वर्णन केले आणि १९२७ मध्ये पाळीचे रक्त उलटे पोटात जाते ही उपपत्ती मांडली. म्हणजे वेदनेचे ठिकाण सापडले होते. तरी दोष बाईच्याच माथी राहिला. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील डॉक्टर शय्येवरील वेदनेला 'थंडपणा' म्हणत. बोस्टनचे डॉ. मेग्ज यांनी १९४० च्या दशकात लांबलेले लग्न व मातृत्व यांवर ठपका ठेवला. लग्न लवकर करा, मूल होऊ द्या, हे मग औषध झाले! ज्या संबंधाने ती कळवळत होती, तोच तिला उपाय म्हणून सांगितला गेला.

गरीब व कृष्णवर्णीय बायकांच्या वाट्याला तर हेही निदान आले नाही. त्यांच्या ओटीपोटातले दुखणे सरसकट संसर्गाचे ठरे, आणि त्यात चालचलणुकीविषयी एक मूक शेरा असे. शिकागोच्या डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की अशा अनेकींना एंडोमेट्रिऑसिसच होता.

या व्याधीत मन दुखावतेच, हे खरे. रात्र जवळ आली की धास्ती वाटते. धास्तीने स्नायू आवळतात. आवळले की कळ वाढते. बाई पतीचा हात टाळू लागते, मग स्वतःलाच अपराधी मानते. पतीला वाटते, आपण नकोसे झालो. दोघेही गप्प. पण या साखळीची पहिली कडी पोटात आहे. वैद्यकाने ती कित्येक वर्षे मनात शोधली.

१९८० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे रुग्ण स्त्रियांनीच आपली संघटना काढली आणि एकमेकींच्या हकिकती नोंदवून घेण्यास सुरुवात केली. आमच्या पेशाला हे काम ओळखीचे वाटले: आधी तक्रारी लिहून घ्यायच्या, मग वाटाघाटी.

त्या पॅकिंगच्या बाईची आम्ही नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "साहेब, तुमचे काही नाही. आमच्या यांना डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, मला वाटायचे मी तुला आवडत नाही. अकरा वर्षे झाली होती लग्नाला."