जन्मजात सीएमव्ही संसर्ग आणि ऊर्जा उपचार : रेकी, प्राणिक हीलिंगने बाळ बरे होते का?

आईच्या पोटात असतानाच बाळाला विषाणूची लागण झाली, तर त्याला जन्मजात विषाणू संसर्ग म्हणतात. रुबेला, झिका अशी त्यातली काही नावे आपण ऐकलेली असतात. पण जगात सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात संसर्ग सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही या विषाणूचा आहे. विकसित देशांत दर २०० नवजात बाळांमागे साधारण एकाला तो झालेला असतो.

हे निदान ऐकल्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'बाळ पुढे नीट ऐकेल, चालेल, बोलेल ना?' त्याचे ठाम उत्तर पहिल्या काही दिवसांत कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. याच अनिश्चिततेच्या काळात नात्यातले किंवा ओळखीतले कोणीतरी रेकी, प्राणिक हीलिंग किंवा फोटोवरून केले जाणारे 'दूरस्थ उपचार' सुचवते. या उपचारांनी नेमके काय होते, काय होत नाही आणि ते करायचेच असतील तर कशाची काळजी घ्यावी, ते पाहू.

सीएमव्ही बाळाचे काय करतो?

सीएमव्ही हा कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूंच्या कुळातला आहे. एकदा शरीरात शिरला की तो आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा काही त्रास होत नाही. भारतात ९० टक्क्यांहून अधिक प्रौढ स्त्रियांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. गरोदरपणात हा सुप्त विषाणू पुन्हा जागा झाला, त्याच्या दुसऱ्या प्रकाराची लागण झाली किंवा पहिल्यांदाच संसर्ग झाला, तर तो वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो.

संसर्ग झालेल्या दर १० बाळांपैकी साधारण एकात जन्मतःच लक्षणे दिसतात. वजन कमी असणे, डोके लहान असणे, कावीळ, अंगावर रक्ताचे बारीक लाल-जांभळे ठिपके, यकृत आणि प्लीहा वाढणे, झटके येणे ही त्यातली प्रमुख. उरलेली बाळे वरून धडधाकट दिसतात. मात्र त्यांच्यापैकीही साधारण १० ते १५ टक्के मुलांची श्रवणशक्ती पुढे कमी होते, काहींची तर दोन-तीन वर्षांची झाल्यावर. म्हणून जन्मानंतरची एक श्रवण चाचणी 'पास' झाली, एवढ्यावर थांबून चालत नाही.

ऊर्जा उपचार म्हणजे काय?

शरीरात किंवा शरीराभोवती जीवनऊर्जा वाहते, तिचा प्रवाह अडला की आजार होतो आणि हाताने किंवा संकल्पाने तो मोकळा करता येतो, ही या सर्व पद्धतींमागची समान धारणा आहे.

रेकीची सुरुवात जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास केली. हवायो ताकाता यांनी ती १९३० च्या दशकात हवाई बेटांवर नेली आणि तिथून ती जगभर पसरली. प्राणिक हीलिंग ही पद्धत फिलिपिन्समधील चोआ कोक सुई यांनी १९८० च्या दशकात लोकांसमोर आणली. 'थेरप्युटिक टच' ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात परिचारिकांमध्ये रूढ झाली. प्राण, चक्र, नाडी हे शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे या पद्धती आपल्याकडे परक्या वाटत नाहीत. प्रत्यक्षात आज शिकवले जाणारे त्यांचे रूप गेल्या १०० वर्षांतले आहे.

पुरावा काय सांगतो?

मूळ दावा असा, की उपचारकाला समोरच्याची ऊर्जा हाताला जाणवते. या दाव्याची एक साधी तपासणी अमेरिकेतील एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी केली. थेरप्युटिक टच करणाऱ्या २१ जणांनी पडद्याच्या छिद्रांतून दोन्ही हात पुढे ठेवायचे आणि एमिलीने आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ धरला आहे ते सांगायचे. एकूण २८० प्रयत्नांत ४४ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसता अंदाज केला असता, तरी निम्मी बरोबर आली असती. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रेकीमुळे काही प्रौढांना शांत वाटते, झोप बरी लागते, असे अनुभव सांगितले जातात. निवांत पडून राहणे, कोणीतरी आस्थेने लक्ष देणे यानेही तेवढे होऊ शकते. मात्र अशा उपचारांनी सीएमव्हीची वाढ थांबते, श्रवणशक्ती टिकते किंवा मेंदूला झालेली इजा भरून येते, याला कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही.

मग 'फरक पडला' असे का वाटते?

असे सांगणारे पालक खोटे बोलत नसतात. या आजाराचे स्वरूपच असे आहे, की श्रेय चुकीच्या जागी जाणे सोपे असते.

पहिले कारण, काही लक्षणे आपोआप जातात. अंगावरचे ठिपके, कावीळ, कमी झालेल्या प्लेटलेट्स, वाढलेले यकृत हे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. त्याच काळात रेकी चालू असेल, तर श्रेय तिला मिळते. कानाचे नुकसान मात्र त्या वेळी दिसत नसते.

दुसरे कारण, ऐकण्यात चढउतार होतात. या मुलांची श्रवणशक्ती काही काळ थोडी सुधारून नंतर पुन्हा घटू शकते.

तिसरे कारण 'टॉर्च' चाचणीचे आकडे. आईच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात. त्यामुळे मुळीच संसर्ग नसलेल्या बाळाचाही अहवाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो आणि ही उसनी प्रतिपिंडे पुढील काही महिन्यांत आपोआप कमी होतात. हा घटता आकडा 'विषाणू निघून गेला' म्हणून दाखवला जातो. मुळात बाळाला आजारच नव्हता, अशी शक्यता त्यात असते.

खरा धोका कुठे आहे?

हात ठेवल्याने बाळाला इजा होत नाही. धोका असतो वेळ जाण्यात, कारण जन्मजात सीएमव्हीमध्ये काही गोष्टींना ठरावीक मुदत असते.

निदानासाठी : बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर चाचणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला, तर तो पोटातच मिळाला की जन्मानंतर, उदाहरणार्थ आईच्या दुधातून, हे सांगता येत नाही. लाळेची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर लघवीच्या चाचणीने खात्री करतात.

औषधासाठी : मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या बाळांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे पातळ औषध तोंडावाटे सहा महिने देतात. ते शक्यतो पहिल्या महिन्याच्या आत सुरू करायचे असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ बाळांच्या चाचणीत सहा आठवड्यांऐवजी सहा महिने औषध दिलेल्या बाळांचे पुढे ऐकणे आणि भाषेचा विकास काही प्रमाणात चांगला आढळला. हे औषध जादू करत नाही. आधीच झालेली इजा ते पुसत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याने कमी होऊ शकतात, म्हणून नियमित रक्त तपासावे लागते. लक्षणे नसलेल्या प्रत्येक बाळाला ते देत नाहीत. देणे योग्य आहे का, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतात.

ऐकण्यासाठी : पहिल्या महिन्यात श्रवण चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार सुरू, हा जगभर पाळला जाणारा क्रम आहे. बोलण्याची भाषा मेंदूत रुजण्याची ही वर्षे परत येत नाहीत.

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. वर दिलेले २१ दिवस आणि पहिला महिना, दोन्ही सव्वा महिन्याच्या आतच संपतात. त्यामुळे डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल, तर 'सव्वा महिना होऊ दे, मग बघू' किंवा 'आधी हीलिंगची २१ सत्रे करून पाहू' हे परवडणारे नाही. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढावी, पण लघवीचा नमुना त्याच आठवड्यात द्यावा. पुढेही 'याचे बाबाही उशिराच बोलले होते' म्हणून श्रवण चाचणी टाळू नये.

दुसरा धोका आईच्या मनाला असतो. 'गरोदरपणात नकारात्मक विचार केलेस', 'घराण्याचे कर्म आहे' अशी कारणे काही उपचारक देतात. सीएमव्ही लाळ आणि लघवीतून पसरणारा विषाणू आहे. तो बहुधा घरातल्या लहान मुलाकडून आईला मिळतो. त्यात कोणाचे पाप नाही, की कोणाचा दोष नाही.

तरीही हीलिंग करायचेच असेल तर?

घरातल्यांना त्यातून धीर मिळत असेल, तर ते उपचारांच्या जोडीने करता येईल. मात्र काही गोष्टी आधी स्पष्ट असाव्यात.

• कोणतेही औषध, रक्त तपासणी किंवा श्रवण चाचणी त्यासाठी थांबवू वा पुढे ढकलू नये.
• बाळाला काढा, भस्म, तेल किंवा चाटण देऊ नये. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालू असताना तर मुळीच नाही.
• काय चालू आहे ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.
• 'औषध बंद करा', 'हमखास बरे होईल', 'आधी त्रास वाढेल, मग कमी होईल' असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे.
• आगाऊ रकमेची मोठी पॅकेजेस घेऊ नयेत. तो पैसा श्रवणयंत्र आणि थेरपीला लागणार असतो.

कायदाही इथे लागू होतो. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार बहिरेपणा, अंधत्व, अपस्मार, मेंदूचे विकार यांसारखे आजार औषधाने बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. मंत्र, कवच, ताईत यांसारख्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातीही त्याच कायद्याखाली येतात.

स्पर्शाची गरज भागवायची असेल तर

बाळाला स्पर्शाची गरज असते, हे मात्र खरे आहे. आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर बाळाला त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीला कांगारू मदर केअर म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्याने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्याला पैसे लागत नाहीत, की दीक्षा लागत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला सीएमव्ही असला, तरी आईने अंगावर पाजणे चालू ठेवावे.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तिथे वाढ, ऐकणे, दृष्टी आणि वाचा यांची तपासणी आणि थेरपी मिळते. अंगणवाडी सेविका, आशा किंवा जिल्हा रुग्णालयाकडे चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू मुलांना श्रवणयंत्रे मिळतात आणि पात्र मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही साहाय्य मिळते.

पुढच्या गरोदरपणात काय करावे?

सीएमव्हीवर अजून सर्वांना देता येईल अशी लस नाही. गरोदरपणी लहान मुलाची शी-शू काढल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलाचे उष्टे खाऊ नये, त्याचा चमचा आपल्या तोंडात घालू नये, पापा ओठांवर न घेता कपाळावर घ्यावा. गर्भातल्या बाळाला सीएमव्हीपासून जपण्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगे एवढे उपाय आज आपल्या हातात आहेत.